पंच क्रमांक दोन

मी वकील नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गल्लीतले लोक अजूनही मला 'वकीलसाहेब' म्हणतात आणि मीही इतकी वर्षं ते गपचूप ऐकून घेतलं आहे. मी होतो अर्जनवीस. नागपूरच्या कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली एक टेबल, एक लोखंडी खुर्ची, समोर बाकडं. ज्याला स्वतःचं गाऱ्हाणं कागदावर मांडता येत नाही त्याचं मांडून द्यायचं, हा धंदा. साठच्या दशकात तिथे बसलो, तो पंचवीसेक वर्षांनी उठलो. मूळचा रामटेककडचा, मॅट्रिक पास, अक्षर सुरेख आणि डोकं गरम. या धंद्याला अक्षर लागतं. डोकं गरम नसलं तरी चालतं, पण माझं होतं, त्याला इलाज नाही.

लोकांना वाटतं अर्ज लिहिणं म्हणजे शब्द जोडणं. छे! निम्मं काम शब्द कापायचं. एकदा एक मास्तर आले. सायकलला दिवा नव्हता म्हणून पोलिसानं अडवून दोन्ही चाकांची हवा सोडली होती. ही तेव्हाची रीतच होती, दंडापेक्षा सोपी. मास्तर सुरुवात करतात, "स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी..." मी म्हटलं, मास्तर, स्वातंत्र्य राहू द्या, पोलिसाचा बक्कल नंबर सांगा. तर तो त्यांनी पाहिलाच नव्हता. म्हणाले, "त्याच्या मिशा मोठ्या होत्या, मिशा लिहा ना." आता साहेबानं काय नागपुरातल्या सगळ्या मिशा परेडला उभ्या करायच्या?

तेव्हापासून समोर येईल त्याला मी हेच पढवत आलो. पोलिसानं थांबवलं तर आधी डोळे त्याच्या पट्ट्याकडे, नंबर पाठ करा. भांडू नका, हात उचलू नका. काहून थांबवलं, ते नम्रपणे विचारा. सामान उघडणार असेल तर त्याच मोहल्ल्यातली दोन भली माणसं साक्षीला बोलवायला सांगा. त्यांना पंच म्हणतात आणि त्यांच्यासमोर जे सापडलं त्याच्या कागदाला पंचनामा. पोलिसानं आणि पंचांनी आधी स्वतःची झडती द्यायची, मग तुमची घ्यायची. बाईची झडती बाईनंच घ्यायची, हे इंग्रजांच्या वेळेपासून कायद्यात आहे. आणि काही झालं तरी कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका. हे शेवटचं वाक्य मी टेबलावर हात आपटून सांगायचो.

त्यानं फरकही पडायचा बरं का. पारशिवनीकडचा एक दूधवाला आला होता. बस अड्ड्यावर शिपायानं, आत मोहाची दारू लपवली आहे का पाहायला, त्याच्या दुधाच्या कॅनमध्ये काठी घातली होती. मला म्हणतो, "काठी घातली त्याचं काई नाई भाऊ. पन त्याच काठीनं त्यानं आंधी कुत्रं हाकललं होतं." मी ते जसंच्या तसं लिहिलं, बक्कल नंबरासकट. वरचे साहेब म्हणे खो खो हसले. पण त्या अड्ड्यावर पुढे काठी बंद झाली, झाकण काढून वास घ्यायला लागले. मी तेवढ्यावर महिनाभर फुगून बसलो होतो.

तर अशा या माणसानं स्वतः काय केलं होतं, ते आता लिहितो. इतकी वर्षं लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती.

पंच मिळणं ही पोलिसांची मोठी अडचण असायची. पंच झालं की पुढे तारखा, कोर्टात उभं राहणं, आरोपीच्या नातेवाइकांचे डोळे. "पंच म्हटलं की मानूस गल्लीत पळते गा," असं एक हवालदार मला नेहमी सांगायचा. माणूस वाईट नव्हता. घरी आजारी आई, वरून साहेबांचा तगादा की केसेस आणा. तो कोर्टाच्या कामानं आमच्या आवारात यायचा, टेबलाशी टेकायचा आणि दोन छापील कागद पुढे सरकवायचा. "करून दे ना सही. तू लिहिता-वाचता मानूस, साहेबाले बरं वाटते." छापील मथळ्याखाली कागद कोरा असायचा. झडती कुठे, कोणाची, काय सापडलं, सगळं तो नंतर भरणार. मी सही करायचो. आजूबाजूचे टायपिस्ट, मुद्रांकवाले, सगळेच करायचे. आम्ही ठेवणीतले पंच होतो. त्या सहीचा कोणाच्या अंगावर काही परिणाम होतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही, देवाशपथ.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एका उन्हाळ्यात, भर दुपारी, गिरजाबाई आली.

गिरजाबाई भांडेवाली. पुण्याकडे यांना बोहारीण म्हणतात. डोक्यावर टोपलं, टोपल्यात पितळी आणि स्टीलची भांडी, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. जुनं लुगडं द्या, भगोनं घ्या. चाळिशी उलटलेली, सडपातळ, आवाज खणखणीत. पण त्या दिवशी आवाज बसला होता. बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, अर्जी लिहाची हाये. म्या चोर नाई, हे लिहाचं हाये."

जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत तिला हवालदार आणि शिपायानं अडवलं होतं. टोपलं रस्त्यावर उपडं केलं. भांडी गटारापर्यंत घरंगळत गेली. गाठोडं सोडलं तर तीन जरीचे शालू निघाले, जुने, काठाला विरलेले. एवढे भारी शालू भगोन्याच्या बदल्यात कोण देतं, चोरीचेच असणार, म्हणून विचारलं कोणाचे. ती सांगेना. मग आणखी काही लपवलं आहे का म्हणून तिच्या कमरेची पानसुपारीची चंची चाचपली. कोणी बाई बोलावली नाही.

"माह्या कमरेले हात लावला भाऊ," ती म्हणाली, "आन् साऱ्या बाया गच्चीवरून पाहून राहिल्या होत्या." मग पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. रडली नाही.

खटला भरला होता, मालाचा समाधानकारक खुलासा देता आला नाही म्हणून. पण तिला खटल्याचं भय नव्हतं. भय होतं दारांचं. भांडेवालीला दुकान नसतं. बाया तिला ओसरीवर घेतात, पेट्या उघडतात, चार कपडे तिच्यापुढे टाकतात, तेच तिचं दुकान. आता त्या गल्लीत ती दिसली की दारं लागत होती. वीस वर्षांची घरं. "कोनी बोलत नाई, भाऊ. नुसती कडी लावून घेते. बोलले असते तं म्या जबाब तरी देल्ला असता."

मी म्हटलं, कागद दाखवा. तिनं खटल्याबरोबर मिळालेली पंचनाम्याची प्रत काढली. मी वाचायला लागलो. 'सदर बाईची झडती महिलेमार्फत, सभ्यतेचा मान राखून घेण्यात आली. सदर बाईस शालूंबाबत पंचांसमक्ष विचारले असता ते कोठून आणले हे आपणास ठाऊक नाही असे तिने सांगितले.' खाली पंच क्रमांक एक, कोणीतरी अनोळखी. पंच क्रमांक दोन, ठळक, वळणदार, माझी सही.

ती गल्ली माझ्या टेबलापासून तीन मैल. मी तिथे गेलो नव्हतो. कोणत्या दिवशी सही केली, तेही आठवेना.

आणि मी काय केलं? प्रत घडी करून तिला परत दिली आणि अर्ज लिहायला घेतला. काय अर्ज लिहिला म्हणता! बक्कल नंबर दोन्ही, कारण या बाईनं ते पाठ केले होते, न शिकलेली असून. वेळ, जागा, गच्चीवरच्या बाया, कमरेला हात. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो उत्तम अर्ज असेल. फक्त पंच हजर नव्हते, हे एक वाक्य मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर पंच कोण, हा प्रश्न आला असता. परवाना सरकारी, बसायची जागा कचेरीची, बायको-पोरं घरी. मी मनाला समजावलं की एवढ्या मजबूत अर्जात एका वाक्यानं काय होतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ती ते माझ्याकडेच वाचून घ्यायला घेऊन आली. दुसऱ्या कोणाकडे जाणार? मी वाचलं: 'चौकशी करण्यात आली. झडती दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष रीतसर झाली असल्याने तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.'

माझा उत्तम अर्ज माझ्याच सहीनं मारला होता. आणि ते मीच तिला मोठ्यानं वाचून दाखवत होतो.

"म्हंजे काय झालं भाऊ?"

"नाही मानलं त्यांनी."

ती नुसती "बरं" म्हणाली. मला तिचा नाही, स्वतःचा राग आला आणि काढला तिच्यावरच. "बाई, तुम्ही त्या घराचं नाव काहून नाही सांगत? ज्यानं शालू दिले तो येऊन सांगेल ना कोर्टात. एका मिनिटात सुटते तुम्ही!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी ठरलो. "भाऊ, घरची सून सासूले न सांगता देते. कोनाले पोराच्या फीसाठी भांडं पायजे, तं कोनाले माहेरी पाठवाले. सासू निजली का मले मागच्या दारानं बोलावते. म्या नाव घेतलं तं त्या सुनेचं काय होईन? आमी कोनाच्या घराचं नाव घेत नाई. माह्या सासूनं शिकवलं मले. नाव घेतलं का धंदा बी गेला, आन् ते पोरगी बी गेली."

म्हणजे सुटायची किल्ली तिच्या पदरात होती आणि ती वापरत नव्हती, एका परक्या पोरीसाठी. मी मात्र माझा परवाना पोटाशी धरून बसलो होतो. हे असं त्या वेळी नीट कळलं असं नाही. पण जेवण जाईना, एवढं खरं.

थोड्याच दिवसांत मला समन्स आलं, पंच म्हणून साक्षीला. मागोमाग तोच हवालदार, सह्या घेऊन जाणारा. "काई नाई गा, नुसतं म्हन का माह्यासमोर झालं. दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "तिच्या कमरेला तू हात लावला होता?"

तो वरमला. खाली पाहत म्हणाला, "बाई शिपाई अख्ख्या ठाण्यात नाई. कुठून आनू? घाईत झालं." मग म्हणाला, "तू उलटला तं माही नोकरी जाईन, आन् तुहा परवाना. इचार कर."

विचार केला. सगळा आठवडा तेवढंच केलं. तारखेच्या आदल्या दिवशी गिरजाबाई आवारात आली, कोर्टात कुठे उभं राहायचं ते विचारायला. मी तिला बाकड्यावर बसवलं आणि म्हटलं, "बाई, तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या पंचनाम्यावर माझी सही आहे. मी तिथे नव्हतो. कोऱ्या कागदावर केली होती."

वाटलं, शिव्या देईल. टोपलं डोक्यात घालेल. ती म्हणाली, "ठाऊक हाये मले."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. ठान्यात म्या इचारलं, कोन पाह्यलं म्हंते? तं शिपाई बोलला, कचेरीतल्या निंबाखालचा अर्जीवाला. म्हनून तं तुमच्याकडंच आली. म्हटलं, ज्यानं पाह्यलं म्हनून लिहून देल्लं, त्याच्याच हातानं लिहून घेऊ का म्या चोर नाई. सांगते का नाई सांगत, हे पाहू." पदर सावरत ती पुढे म्हणाली, "तुमी अर्जी मोठी चांगली लिहिली, भाऊ. पन सांगतलं नाई."

दोन महिने ही बाई माझ्यासमोर बसून माझी वाट पाहत होती आणि मी तिला कायदा शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पंच क्रमांक एक आलाच नाही. त्या पत्त्यावर तसा माणूसच राहत नव्हता म्हणे. मग माझा पुकारा झाला. सरकारी वकिलानं कागद दाखवला. सही माझीच का? हो, माझीच. झडती आपल्यासमोर झाली ना?

हवालदार दाराशी उभा होता. त्याच्याकडे पाहिलं असतं तर कदाचित जीभ फिरली असती, म्हणून मी समोरच्या पंख्याकडे पाहिलं. "नाही साहेब. मी तिथे नव्हतो. कोऱ्या कागदावर सही केली."

कोर्टात कुजबुज झाली. मॅजिस्ट्रेट वयस्क होते, शांत. त्यांनी चष्मा काढला. "आपण अर्जनवीस ना? लोकांना काय सल्ला देता?"

"कोऱ्या कागदावर सही करू नका, असा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "अशा आणखी किती सह्या केल्या?"

मला आकडा सांगता आला नाही. आजही येत नाही. ती माणसं कोण होती, त्यांचं काय झालं, त्यांतली किती गिरजाबाईसारखी निर्दोष होती, मला ठाऊक नाही. अर्जनवीस म्हणून जी काही पुण्याई असेल ती एका पारड्यात टाकली तरी हे दुसरं पारडं वर यायचं नाही, असं मला वाटतं.

गिरजाबाई सुटली. गाठोडं शालूंसकट परत मिळालं. मला वरून सक्त समज आली आणि परवाना चार महिने लटकला. बायकोनं शिवणकाम करून घर ओढलं, एका शब्दानं बोलली नाही. हवालदाराची नोकरी राहिली, बदली मात्र झाली. जाताना तो टेबलापाशी आला नाही, लांबून हात केला. मीही केला.

निकालाची नक्कल मी स्वतः काढली, शिक्का बसवून घेतला आणि मोठ्या तोऱ्यात गिरजाबाईच्या हातात दिली. "हे घ्या. आता दारोदार दाखवा. कोर्टाचा कागद आहे, कोण दार लावते पाहू."

तिनं कागद उलटा-सुलटा केला आणि माझ्या टेबलावर परत ठेवला. "भाऊ, कागदानं म्या चोर झाली. बाया कागद वाचत नाई, तोंड पाह्यते. तुमी चाला."

"मी?"

"मंग कोन? तुमीच पाह्यलं होतं ना?"

गेलो. परवाना लटकलेला, काम तरी काय होतं? ती पुढे टोपलं घेऊन, मी मागे धोतर सावरत. पहिल्या दाराशी ती थांबली, हाक दिली, आतून कोणी येईना. मग मी हाक दिली. पुरुषाचा आवाज ऐकून एक म्हातारी बाहेर आली, मागे उंबऱ्यात तिची सून. मी सांगितलं: मी अमुक अमुक, कचेरीत बसतो, या बाईच्या झडतीवर मी खोटी सही केली होती, हिनं काही चोरलेलं नाही, कोर्टानं सोडलं आहे. तोंडानं सांगायला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. लोकांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षं लिहिली, पण आपलं स्वतःचं कोणाच्या दारात उभं राहून बोललो नव्हतो.

म्हातारी मला सोडून गिरजाबाईकडे वळली. "चोरीचे नाई तं मंग कोनाचे होते वं ते शालू?"

"घराचं नाव म्या घेत नाई, आजी," गिरजाबाई म्हणाली. "कोर्टात नाई घेतलं, तं इथं घेईन? तुमच्याही घराचं कुठं घेतलं नाई कधी."

म्हातारीनं सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि ओसरीवर सरकून जागा केली.

असं करत घरांची ती ओळ झाली. काही ठिकाणी पाणी मिळालं, दोन ठिकाणी कडी निघालीच नाही. कोपऱ्यावरच्या घरात एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. तिनं माझं सगळं भाषण नीट ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणानं विचारलं, "पन न पाहता सही केली काहून तुमी?"

कारणं पुष्कळ होती. सगळेच करत होते, हवालदार ओळखीचा, जागा कचेरीची. अर्जात लिहिली असती तर पटलीही असती. त्या बाईच्या तोंडाकडे पाहून त्यातलं एकही निघेना.

"उठायचा कंटाळा आला होता, बाई," मी म्हटलं. "जाऊन पाहायचं म्हणजे खुर्चीवरून उठावं लागत होतं."

तोवर गिरजाबाईनं टोपलं डोक्यावर चढवलं होतं.

"चाला भाऊ," ती म्हणाली, "अजून मागची सारी गल्ली रायली."